पहिल्या तासात निघून जाणारे

जुलै महिन्यात टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा रोजचा टप्पा मुंबईच्या घड्याळाप्रमाणे साधारण साडेचार-पाचच्या सुमारास सुरू होतो आणि रात्री नऊच्या आसपास संपतो. माझ्या ओळखीतले बहुतेक सायकलप्रेमी कामावरून घरी पोहोचल्यावर, जेवणाचे ताट पुढ्यात घेऊन, शेवटचा अर्धा तास काय तो पाहतात. त्यांना स्प्रिंट पाहायला मिळते किंवा डोंगरमाथ्यावरची अखेरची झुंज मिळते, आणि तेवढ्यावर त्यांचे समाधान होते. माझे मन रमते ते पहिल्या तासात. स्पर्धा संचालकांच्या गाडीतून ध्वज हलला की मुख्य घोळक्यातून एकामागून एक रायडर सुटू पाहतात, बरेचसे लगेच पकडले जातात, आणि कधी पाच मिनिटांत, तर कधी तासाभराच्या रणधुमाळीनंतर तीन-चार जणांची एक तुकडी खरोखर निसटते. पुढचे तीन-चार तास ती तुकडी आघाडीवर राहते आणि बहुतेक वेळा शेवटच्या दहा-वीस किलोमीटरांत घोळका तिला गिळून टाकतो. या ब्रेकअवेमध्ये जाणाऱ्यांविषयी मला जे वाटते ते एकदा नीट लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते.

लालबागचे माझे मामा जुने कबड्डीपटू. एका संध्याकाळी माझ्याबरोबर टप्पा पाहता पाहता त्यांनी विचारले, "अगं, शेवटी धरणारच आहेत त्यांना, मग एवढा जीव काढून पुढे कशाला पळतायत?" मी म्हटले, "मामा, तुम्ही बोनस रेषेवर पाय टाकायला जायचात, तेव्हा पकड होईल हे माहीत नसायचं का?" बोनसचा गुण घेतल्यावर पकड झाली तरी तो गुण चढाई करणाऱ्याच्या खात्यात राहतोच, हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. ब्रेकअवेच्या वाटेवरही असे गुण पसरलेले असतात: घाटमाथ्यांवरचे गुण, मधल्या स्प्रिंटचे गुण, दिवसातील सर्वांत झुंजार रायडरचे बक्षीस, आणि एरवी ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही अशा छोट्या संघाच्या प्रायोजकाचे नाव कितीतरी वेळ पडद्यावर झळकत राहते, हा लाभ तर वेगळाच. मामांना ते पटले. परंतु रायडर का जातात याचे हे उत्तर झाले. आपण त्यांच्याकडे डोळे लावून का बसतो, याचे उत्तर त्यात नाही.

ब्रेकअवेवर जीव असणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांतले पुष्कळ जण या रायडरांना पराभव ठरलेला असतानाही लढणारे शूरवीर मानतात. मला ही दृष्टी अपुरी वाटते, किंबहुना थोडी अन्यायकारक वाटते, कारण त्या कौतुकाखाली रायडरची अक्कलहुशारी झाकली जाते. चांगला ब्रेकअवे हा हिशेबी धाडसाचा नमुना असतो, आणि तो हिशेब उलगडत जाताना पाहणे हाच मला या खेळातला सर्वांत मोठा आनंद वाटतो.

या हिशेबाच्या मुळाशी वारा आहे. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेल्यावर रायडरची बहुतेक सारी शक्ती हवा कापण्यात खर्च होते, आणि वेग वाढवायचा तर हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ४० वरून ४४ वर जायचे असेल तर वेग १० टक्केच वाढतो, पण हवेशी झुंजण्यासाठी सुमारे ३३ टक्के जास्त जोर लावावा लागतो. उलट दाट घोळक्याच्या पोटात बसलेल्या रायडरला हवेचा विरोध जवळजवळ जाणवतच नाही. बेल्जियन संशोधक बर्ट ब्लोकन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ रायडरांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या मध्यभागी आणि मागच्या भागात बसलेल्या रायडरवर येणारा हवेचा विरोध एकट्या रायडरच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के भरतो, असे त्यातून दिसून आले. दोनशे किलोमीटरच्या टप्प्यात तीन माणसांनी दीडशेहून अधिक माणसांच्या पुढे राहायचे म्हणजे कशाच्या विरोधात उभे राहायचे, ते या एका आकड्यावरून ध्यानात यावे.

हे कागदावर वाचणे वेगळे आणि अंगावर घेणे वेगळे. रविवारी पहाटे आमचा गट चेंबूरहून निघून वाशीच्या खाडीपुलावरून पाम बीच रस्त्याला जातो. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटलेला असला की जाताना कोणालाच काही कळत नाही, परंतु परतताना तोच वारा पुलावर समोरून येतो. पुढच्याच्या मागच्या चाकापासून माझे पुढचे चाक हातभर अंतरावर असेल तोवर मी बोलू शकते, बाटली काढून पाणी पिऊ शकते, खाडीत काय दिसते तेही पाहू शकते. माझी पाळी आली आणि पुढचा रायडर बाजूला झाला की कानांत वाऱ्याचा घोंगावणारा आवाज भरतो, हँडलबारवरचे हात आपोआप खाली सरकतात, आणि क्षणापूर्वी हलके वाटणारे पेडल कोणीतरी धरून ठेवल्यासारखे जड होते. अर्धा मिनिट पुढे राहिल्यावर कोपर हलवून मागच्याला पुढे बोलवावेसे वाटते. आम्ही हे तासाला पंचवीस-सव्वीस किलोमीटरच्या वेगाने करतो. ब्रेकअवेमधले रायडर ताशी पंचेचाळीसच्या वेगाने, तासन् तास, हेच करत असतात.

आता मागच्यांचा हिशेब. फ्रान्सचे माजी सायकलपटू आणि पुढे समालोचक म्हणून नाव कमावलेले रोबेर शापात यांच्या नावाने एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: पुढे असलेल्या तुकडीला गाठण्यासाठी घोळक्याला प्रत्येक मिनिटामागे १० किलोमीटर लागतात. म्हणजे शेवटून ३० किलोमीटरवर तुकडीकडे तीन मिनिटे असतील, तर सामना तुल्यबळ आहे. स्प्रिंटरांचे संघ हा ठोकताळा उराशी धरून दिवस आखतात. तुकडीला ते मुद्दाम सुटू देतात, चार-पाच मिनिटांची सूट देतात, एकेक रायडर पुढे लावून ते अंतर तेवढेच राखतात आणि मग सावकाश दोर ओढू लागतात. फार लवकर पकडणे त्यांना नको असते, कारण पहिली तुकडी हाती आली की ताज्या दमाचे दुसरे रायडर सुटतील आणि सगळा पाठलाग नव्याने करावा लागेल.

नेमक्या याच शिस्तीत पुढच्यांची संधी दडलेली असते. जाणते रायडर दिवसाच्या मध्यावर मुद्दाम जरा सैल चालतात, अंतर थोडे कमी होऊ देतात, मागचे निर्धास्त झाले की राखून ठेवलेला जोर शेवटच्या तासात बाहेर काढतात. कधी वळणावळणांचा अरुंद रस्ता त्यांच्या मदतीला येतो, कारण तिथे चार जण घोळक्यापेक्षा वेगाने जातात. कधी मागे दोन संघांत पाठलाग कोणी करायचा यावरून रुसवेफुगवे होतात. २००६ च्या टूरमध्ये बेझिये ते माँतेलिमार या १३ व्या टप्प्यावर घोळक्याने एका तुकडीला जवळजवळ अर्ध्या तासाची आघाडी घेऊ दिली. टप्पा येन्स फोग्टने जिंकला, परंतु त्याच तुकडीतल्या ऑस्कर पेरेइरोच्या अंगावर एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी चढली, आणि पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात फ्लॉइड लँडिसचे विजेतेपद काढून घेतले गेल्यावर ती संपूर्ण टूर पेरेइरोच्या नावावर लागली. घोळक्याने एका दुपारी केलेल्या ढिलाईचा इतका मोठा परिणाम दुसऱ्या कोणत्या खेळात होत असेल, मला सुचत नाही.

ब्रेकअवेची ही कला आमच्या पिढीने ज्याच्याकडे पाहून ओळखली तो बेल्जियमचा थॉमस डी खेंट. तिन्ही ग्रँड टूरमध्ये, म्हणजे फ्रान्सची टूर, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या तीन मोठ्या शर्यतींत, त्याने टप्पे जिंकले, त्यांत २०१२ च्या जिरोमधला स्तेल्व्हिओचा आणि २०१६ च्या टूरमधला माँ व्हाँतूचा हे दोन थोर घाट आहेत. परंतु मला सर्वांत प्रिय आहे तो १३ जुलै २०१९ चा माकाँ ते सेंत-एतिएन टप्पा. २०० किलोमीटरचा चढउतारांचा रस्ता, सुरुवातीलाच सुटलेली चौघांची तुकडी, आणि एकेक करून मागे पडणारे सोबती. शेवटच्या टेकडीनंतर डी खेंट एकटा उरला होता, आणि मागून जुलियाँ आलाफिलिप आणि तिबो पिनो हे फ्रान्सचे दोन लाडके रायडर घोळक्यातून सुटून त्याच्यामागे लागले होते. त्या दोघांना टप्प्यापेक्षा एकूण वेळेत कमाई करायची होती, म्हणून ते एकमेकांना मनापासून साथ देत होते. डी खेंटकडे मात्र साथ द्यायला कोणीच नव्हते. तो सहा सेकंदांनी जिंकला. दोनशे किलोमीटर पुढे राहिल्यानंतर सहा सेकंद शिल्लक ठेवणे हे केवळ पायांच्या जोरावर होत नाही. कोणत्या चढावर किती खर्च करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे डोके ठिकाणावर ठेवून ठरवावे लागते.

ब्रेकअवेच्या आतले नातेही मला तितकेच ओढून घेते. जे प्रतिस्पर्धी आहेत तेच सहकारी आहेत. प्रत्येकाने पुढे येऊन आपल्या वाट्याचा वारा खाल्ला तरच सगळे टिकतात, आणि जिंकायचा मात्र एकच. म्हणून एका विशिष्ट क्षणापासून प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाळीची लांबी मोजू लागतो, कोण चेहरा पाडून दमल्याचे सोंग करतो आहे हे पाहू लागतो, आणि शेवटच्या दोन किलोमीटरांत सगळे एकमेकांकडे बघत बसले की मागून घोळका येऊन सर्वांनाच घेऊन जातो. हा पेच सोडवण्याचा मी पाहिलेला सर्वोत्तम नमुना २०२३ च्या टूरमध्ये बूर्ग-आं-ब्रेसला घडला. टप्पा सरळसरळ स्प्रिंटरांचा होता, घोळक्याने पुढच्यांना फार मोठी सूटही दिली नव्हती. कास्पर आस्ग्रीन, योनास आब्राहामसेन आणि व्हिक्टर काम्पेनार्ट्स पुढे होते; काम्पेनार्ट्सचा संघसोबती पास्कल एनकोर्न मागाहून त्यांना येऊन मिळाला. अखेरच्या किलोमीटरांत काम्पेनार्ट्सने स्वतःच्या विजयाचा विचार सोडून एनकोर्नसाठी जीव तोडून पुढे ओढले, आणि त्यामुळे एकमेकांकडे बघत बसण्याची वेळच कोणावर आली नाही. आस्ग्रीन जिंकला, एनकोर्न दुसरा, आब्राहामसेन तिसरा. घोळक्याचा स्प्रिंट जिंकणाऱ्या यास्पर फिलिपसनच्या वाट्याला चौथा क्रमांक आला. काम्पेनार्ट्सचा सोबती हरला हे खरे, परंतु काम्पेनार्ट्सशिवाय त्या चौघांतले कोणीच शेवटच्या रेषेपर्यंत पुढे राहिले नसते, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब थोडक्यात चुकतो तेव्हा पाहवत नाही. २०१३ च्या व्हुएल्टामध्ये टोनी मार्टिन जवळजवळ पूर्ण टप्पा एकटा पुढे राहिला आणि कासेरेसच्या अंतिम रेषेच्या अगदी तोंडाशी पकडला गेला. पुढच्याच वर्षी टूरमध्ये नीमला न्यूझीलंडचा जॅक बाउअर २२२ किलोमीटरच्या टप्प्यात सुरुवातीपासून पुढे होता, आणि शेवटच्या काही मीटरांत स्प्रिंटर त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. रेषेपलीकडे तो खाली बसून रडला. यावर मी अधिक काही लिहू इच्छित नाही.

मात्र एका शर्यतीविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. २५ जुलै २०२१, रविवार, टोकियो ऑलिंपिकमधील महिलांची रोड रेस. मुंबईत ती सकाळी साडेनऊला सुरू झाली आणि दुपारी दीडच्या आत संपली. १३७ किलोमीटरचे अंतर, शेवट फुजी स्पीडवेवर. ध्वज हलताच ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर सुटली आणि आणखी चौघी तिच्याबरोबर गेल्या. तिचा कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नव्हता, शर्यतीत ऑस्ट्रियाची ती एकटीच होती, आणि एरवी ती लोझानच्या तंत्रविद्यापीठात गणिताची संशोधक होती. नेदरलँड्सचा संघ इतका बलाढ्य होता की इतर देशांना पाठलागाचे ओझे त्यांच्यावर टाकावेसे वाटले, आणि नेदरलँड्सला ते एकट्याने उचलावेसे वाटले नाही. अंतर दहा मिनिटांच्या पुढे गेले. ऑलिंपिकमध्ये रायडरांच्या कानांत रेडिओ नसतो. अंतर कळते ते मोटारसायकलवरच्या फळ्यावरून आणि रस्त्याकडेच्या माणसांकडून. शेवटून ४१ किलोमीटर उरले असताना कीझनहोफर उरलेल्या दोन सोबतिणींनाही सोडून एकटी निघाली. त्या दोघी, इस्रायलची ओमेर शापिरा आणि पोलंडची आना प्लिख्ता, शेवटच्या पाचेक किलोमीटरवर पकडल्या गेल्या, आणि मागे अनेकींचा समज झाला की आता पुढे कोणी नाही. आनेमिक व्हान व्ल्यूटन हात उंचावून रेषा ओलांडती झाली. तिला वाटले सुवर्ण आपले. प्रत्यक्षात कीझनहोफर सव्वा मिनिट आधीच पोहोचली होती.

त्या दिवशी अनेकांनी याला नशीब म्हटले, घोळक्याचा गोंधळ म्हटले. गोंधळ झाला हे निर्विवाद. परंतु रेडिओ नसलेल्या, प्रत्येक देशाचे फार तर चारच रायडर असलेल्या आणि उन्हाने तापलेल्या शर्यतीत पाठलाग विस्कळीत होणार, हे शर्यतीपूर्वी कोणालाही ताडता आले असते. ते ताडून पहिल्या किलोमीटरला सुटण्याची हिंमत मोजक्या जणींनी केली, आणि मग ४१ किलोमीटर एकटीने वारा खाण्याइतके पाय तिने राखले. मी त्याला नशीब म्हणणार नाही.

आपल्याकडेही या गोष्टीची जाण आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून बोरघाट चढून जो पहिला माथ्यावर पोहोचतो, त्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो, आणि पुण्यात शर्यत कोणीही जिंको, घाटात उभ्या राहिलेल्या लोकांच्या तोंडी नाव त्याचेच असते. चढावर वेग कमी झाल्यामुळे मागे लपण्याचा फायदाही कमी होतो, म्हणून घाटात सुटणे त्यातल्या त्यात सोपे. खरी कसोटी माथ्यानंतर, लोणावळ्यापासून पुढे पसरलेल्या रस्त्यावर, तेच अंतर टिकवण्याची. तिथे मात्र टाळ्या वाजवायला फारसे कोणी उभे नसते.

अलीकडे एक प्रवाह मला खटकतो. तादेय पोगाचारसारखे असामान्य रायडर शेवटून शंभर-पन्नास किलोमीटरवर हल्ला करून एकटेच जिंकतात. २०२४ ची झुरिचमधील जागतिक अजिंक्यपद शर्यत त्याने अशीच जिंकली, शेवटचे ५० हून अधिक किलोमीटर एकटा राहून. त्या पराक्रमापुढे मी मान तुकवते, पण त्याला ब्रेकअवे म्हणायला माझे मन तयार होत नाही, कारण सर्वांत बलवान माणूस पुढे गेला की मागच्यांचा हिशेब चुकण्याचा प्रश्नच उरत नाही, त्यांची ताकदच कमी पडते. शिवाय अशा रायडरांचे संघ डोंगरातले टप्पे स्वतःसाठी राखू लागले की पहाटेपासून पोटात गोळा घेऊन सुटण्याची तयारी करणाऱ्या छोट्या संघांच्या वाट्याला दिवस फार थोडे उरतात.

तरीही २०२५ च्या टूरने मला दोन सुंदर दिवस दिले. १३ जुलैला शिनाँहून शातोरूला जाणाऱ्या पूर्ण सपाट टप्प्यावर माथ्यू व्हान देर पूल हा मोठा तारा आपला मदतनीस योनास रिकार्ट याला घेऊन पहिल्याच किलोमीटरला सुटला. आयुष्यात एकदा टूरच्या व्यासपीठावर उभे राहावे ही रिकार्टची इच्छा होती, आणि झुंजार रायडरचे बक्षीस हा तिथे पोहोचण्याचा एक मार्ग होता. दोघे दिवसभर पुढे राहिले, टप्प्याचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर गेला, रिकार्ट अखेरीस गळला आणि व्हान देर पूल शेवटच्या किलोमीटरच्या आत पकडला गेला. स्प्रिंट टिम मर्लियरने जिंकले. रिकार्ट मात्र व्यासपीठावर चढला.

तीन दिवसांनी टूलूजला योनास आब्राहामसेन जिंकला, तोच जो दोन वर्षांपूर्वी बूर्ग-आं-ब्रेसला तिसरा आला होता. महिनाभरापूर्वी त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले होते आणि तो टूरला येईल की नाही याचीच शंका होती. सुरुवातीलाच तो सुटला, दिवसभर पुढे राहिला, मागून व्हान देर पूल झपाट्याने अंतर कापत येत असताना माउरो श्मिडबरोबर त्याने शेवटपर्यंत पाळ्या घेतल्या, आणि मग त्याच श्मिडला चाकाच्या फरकाने हरवले. त्याच्या उनो-एक्स संघाला त्याआधी टूरमध्ये एकही टप्पा जिंकता आला नव्हता.